दोरीच्या बाहेरचा ठेका

पुण्यातल्या गणपतीच्या मिरवणुकीत सहा-सात तास ढोल बांधून उभं राहिलं की कमरेवर पट्ट्याचा वळ उठतो. दुसऱ्या दिवशी सलवारीची नाडी बांधताना तो असा झोंबतो की डोळ्यांत पाणी येतं. टिपरू धरणाऱ्या हाताला फोड येतात, ते फुटतात, मग तिथली कातडी घट्ट होते. १९९३ साली, चौदाव्या वर्षी, मी ते फोड वर्गात सगळ्यांना दाखवत फिरले होते. आईनं त्यांना हळद लावली होती आणि शेजारच्या काकूंना सांगितलं होतं, "आमची पोरगी लक्ष्मी रोडवर ढोल वाजवते हो."

आईचा तो अभिमान खरा होता. पुढे जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरू नये असं मला वाटतं.

पथकाभोवती दोरी असते. चारी बाजूंनी कार्यकर्ते ती धरून चालतात आणि गर्दीला आत येऊ देत नाहीत. त्या दोरीच्या आत मुलीनं घामानं भिजावं, केस सुटावेत, ओरडून घसा बसावा, सगळं चालतं. लोक फोटो काढतात, म्हाताऱ्या बायका दृष्ट काढल्यासारखी बोटं मोडतात. त्याच वर्षी बेलबाग चौकाच्या अलीकडे मी पाणी प्यायला दोरीच्या बाहेर गेले. दहा-बारा पावलं असतील. तेवढ्यात गर्दीतून एक हात आला आणि जिथे लागायचा तिथे लागून गेला. कुणाचा ते कळलं नाही. सगळे चेहरे गणपतीकडे वळलेले होते. पाणी न पिताच मी आत आले, ढोल बांधला आणि पुढच्या आवर्तनात असे टोले घातले की पान फाटलं. पथकप्रमुख दादा म्हणाला, "काय गं, एवढा जोर कुठून आला?" मी काही बोलले नाही.

रस्ता एकच, मुलगीही एकच. मधे फक्त एक दोरी.

रॉक संगीत माझ्या आयुष्यात आलं ते माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, मित्राच्या टेप केलेल्या कॅसेटमधून. नव्वद मिनिटांची कॅसेट, कव्हरवर बॉलपेननं लिहिलेली गाण्यांची नावं. त्यात रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडचं 'अंडर माय थंब' होतं, १९६६ सालचं. मी मराठी माध्यमातली. शब्द कळत नव्हते, ताल मात्र पहिल्या झटक्यात कळला. त्या गाण्यात मारिंबा वाजतो, लाकडी पट्ट्यांचा गोल, गुळगुळीत आवाज, आणि त्याखाली ड्रम्स एकाच चालीनं चालत राहतात. जेवणाच्या टेबलावर, दप्तरावर, पीएमटीच्या सीटच्या दांडीवर मी तो ठेका वाजवायचे.

शब्द कळले एकोणिसाव्या वर्षी. गाण्यातला पुरुष सांगतो की एकेकाळी त्याला नाचवणारी बाई आता त्याच्या अंगठ्याखाली आहे. काय घालायचं, कुणाशी कसं बोलायचं, हे आता तो ठरवतो. तिला तो पाळीव जनावराची उपमा देतो, आणि हे सगळं इतक्या गोड चालीत की ऐकणाऱ्याची मान आपोआप डोलते. माझी चार वर्षं डोलली होती. नंतर कळलं की याच बँडच्या १९७६ सालच्या अल्बमची एक भली मोठी जाहिरात लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेवारवर लागली होती. दोरानं बांधलेली, अंगावर काळेनिळे वळ असलेली बाई, आणि तिच्या तोंडी वाक्य की मला हे आवडतं. तिथल्या बायकांनी आंदोलन करून ती उतरवायला लावली.

हे गाणं मला अजूनही आवडतं. याबद्दल मैत्रिणींशी वाद झाले आहेत. एक म्हणाली, कळल्यावरही कसं ऐकवतं? माझ्याकडे धड उत्तर नाही. ज्या गोष्टीनं पहिल्यांदा हातात ताल दिला तिला उपटून टाकता येत नाही, एवढंच सांगता येतं. पण आता ऐकते तेव्हा त्या अंगठ्याखालच्या बाईकडे माझं लक्ष असतं. अख्ख्या गाण्यात ती एक शब्दही बोलत नाही.

रॉकमधलं बंड म्हणजे बहुतेक वेळा घर सोडून जाणं. रस्ता, गाडी, रात्र, मागे वळून न बघणं. मलाही ते फार भव्य वाटायचं. पुष्कळ उशिरा लक्षात आलं की या गाण्यांमध्ये मागे राहिलेलं घर म्हणजे नेहमी एक बाई असते. आई नाहीतर बायको, नाहीतर 'थांब' म्हणणारी प्रेयसी. मुलगा तिच्यापासून सुटतो, म्हणून तो बंडखोर. आमच्या बँडमधली मुलं रात्री एकला घरी जायची. ओट्यावर त्यांचं ताट झाकून ठेवलेलं असायचं. ते ताट झाकणाऱ्या बाईवर कुणी गाणं लिहिलं नाही. मला साडेआठला घरात असावं लागे. बंड करायला ज्या घरातून निघायचं, त्या घराच्या ओट्यापाशी उद्या मलाच उभं राहायचं आहे, हे मला न सांगता माहीत होतं.

तर, बँड. १९९८. कर्वेनगरमधल्या एका बंगल्याचं गॅरेज, भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले, एक जुना ड्रमसेट, त्याची हाय-हॅट, म्हणजे पायानं वाजवायच्या झांजांची जोडी, एका बाजूनं वाकलेली. चार मुलं आणि मी. ढोलाची सवय होती म्हणून मनगट तयार होतं, पाय शिकवावे लागले. बेस ड्रमचं पेडल आणि हाय-हॅटचं पेडल, दोन पाय दोन कामं करतात आणि हात तिसरंच. ज्या दिवशी चारी अवयव पहिल्यांदा एकमेकांपासून सुटे झाले आणि तरी एकत्र वाजले, तो दिवस मला माझ्या लग्नाच्या दिवसापेक्षा स्वच्छ आठवतो.

घरी सांगितलं तेव्हा आई म्हणाली, "ढोल देवाचा असतो. हे कुणाचं?"

मी तेव्हा चिडले. पण इतक्या वर्षांत मला याहून नेमका प्रश्न कुणी विचारला नाही. ढोल देवाचा, पथकाचा, शाळेचा. सगळ्यांचा पोशाख एक, सगळ्यांचा ठेका एक, आणि अनंत चतुर्दशी झाली की ढोल पुन्हा खोलीत. त्या आवाजाचा मालक मी नव्हते, म्हणून तो आवाज करायला मला परवानगी होती. ड्रम्स कुणाचे, याला 'माझे' एवढंच उत्तर होतं, आणि ते द्यायची तेव्हा हिंमत झाली नाही.

एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आमचा कार्यक्रम होता. साउंडवाला माइक लावत स्टेजवर आला, मी स्टुलावर बसून स्नेअर ड्रम घट्ट करत होते. त्यानं विचारलं, "ड्रमर कुठाय?" मी म्हटलं, "मीच." तो म्हणाला, "नाही ताई, वाजवणार कोण?" माझ्या हातात काठ्या होत्या. तो वाईट माणूस नव्हता, मला 'ताई' म्हणत होता. त्याला समोरची गोष्ट दिसत होती, पटत नव्हती.

त्या कार्यक्रमानंतर बँडमधल्या मुलांनी, अगदी प्रेमानं, सुचवलं की मी पुढे यावं. मागे ड्रमसेटच्या आड कुणाला दिसतच नाहीस, म्हणाले. मुलगी आहे बँडमध्ये हे लोकांना कळायला नको का? आवाज बरा आहे, कोरसमध्ये गा, हातात टॅम्बोरिन घे, खंजिरीसारखं असतं ते. एका ज्युनिअर मुलाला ड्रम्सवर बसवू. मी दोन कार्यक्रम टॅम्बोरिन घेऊन उभी राहिले. लोकांना मी दिसत होते. मला मात्र मी ऐकू येत नव्हते. तिसऱ्या सरावाला मी गेलेच नाही आणि कुणी न्यायलाही आलं नाही.

पुष्कळ वर्षांनी अमेरिकी गायिका कॅरन कार्पेंटरबद्दल वाचलं आणि रात्रभर झोप लागली नाही. आपल्याकडे तिची हळुवार गाणी घराघरात वाजली, ती ड्रमर होती हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. कॅलिफोर्नियातल्या डाउनी गावात, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये ती वाजवायला शिकली, म्हणजे तिथल्या पथकातच म्हणायचं. ती स्वतःला गाणारी ड्रमर म्हणायची. पण आवाज गाजायला लागला तशी तिला ड्रमसेटच्या मागून उठवून हळूहळू पुढे माइकपाशी आणलं गेलं. उंची कमी, मागे बसली तर दिसत नाही, हे कारण. एकदा पुढे आलं की अंगावर दिवे असतात, प्रत्येक कोनातून कॅमेरा असतो आणि हातात करायला काही नसतं. १९८३ साली, बत्तिसाव्या वर्षी, जेवण तोडण्याच्या आजारानं खिळखिळं झालेलं तिचं हृदय बंद पडलं. त्या आजाराला अनेक कारणं असतात, ड्रम्स सोडल्यामुळे तो झाला असं मी म्हणणार नाही. पण ज्या शरीरानं इतका मोठा आवाज काढायचा, त्याचं काम एकाएकी फक्त दिसणं होऊन बसलं तर आत काय होतं, ते मला दोन कार्यक्रमांपुरतं माहीत आहे.

मुलींनी दिसावं, ऐकू येऊ नये, अशी इंग्रजीत जुनी म्हण आहे. १९७७ साली लंडनमधल्या पॉली स्टायरीन नावाच्या मुलीनं आपल्या एक्स-रे स्पेक्स या पंक बँडच्या पहिल्याच गाण्याच्या सुरुवातीला ती म्हण अगदी गोड, आज्ञाधारक आवाजात उच्चारली आणि पुढच्या क्षणी तिच्या चिंध्या होतील अशी किंकाळी फोडली. वय वीस. वडील सोमाली, आई स्कॉटिश-आयरिश वंशाची. दातांना तारा. गाणाऱ्या मुलीचे दात सरळ, पांढरे असायला हवेत, असा तेव्हाचा नियम होता. ती तारांसकट तोंड पूर्ण उघडून ओरडली. तो ओरडा मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला बेलबाग चौक आठवला, त्या दिवशी घशातच राहिलेला आवाज आठवला.

आणि बिग मामा थॉर्नटन, अमेरिकेतली काळी ब्लूज गायिका. तिच्याबद्दल लिहिताना मला हात आवरावा लागतो. 'हाउंड डॉग', म्हणजे शिकारी कुत्रा, म्हटलं की जगाला एल्विस प्रेस्ली आठवतो, १९५६. त्याच्या चार वर्षं आधी, १९५२ च्या ऑगस्टमध्ये, ते गाणं तिनं गायलं होतं. तिचं ऐका. एक बाई तिच्या जिवावर फुकट खाणाऱ्या, दारात शेपूट हलवत येणाऱ्या पुरुषाला सांगते आहे की तुझं खरं रूप मला कळलंय, आता इथे पोट भरणार नाही. अंगठ्याखालची बाई जे कधीच बोलत नाही ते हेच. एल्विसच्या हातात गाणं येईपर्यंत मधल्यांनी शब्द बदलले होते. आता त्यात एक खराखुरा कुत्रा आहे, ज्याला कधी ससा पकडता आला नाही. बाई गेली, पुरुष गेला, भांडण गेलं. राहिला ठेका, आणि तो जगभर गेला. त्या गाण्याचे आपल्याला पाचशे डॉलर मिळाले, असं ती सांगायची. पुढे तिचंच 'बॉल अँड चेन' रॉक गायिका जॅनिस जॉप्लिननं १९६७ साली कॅलिफोर्नियातल्या माँटेरीच्या महोत्सवात गायलं आणि रात्रीत प्रसिद्ध झाली. थॉर्नटन माउथ ऑर्गन वाजवायची, आणि ड्रम्सही. दोन्ही स्वतःच शिकलेली. हे ज्या दिवशी वाचलं त्या दिवशी मी टेबलावर बोटांनी तिचा तो संथ, घरंगळता ठेका वाजवत बसले, ऑफिसात, सगळ्यांसमोर.

तिच्या थोडी आधीची सिस्टर रोझेटा थार्प चर्चमधली भक्तिगीतं इलेक्ट्रिक गिटारवर वाजवायची. पुढे ज्याला रॉक अँड रोल म्हणायला लागले त्यातलं पुष्कळसं तिच्या बोटांत आधीच होतं. ती १९७३ साली गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं २०१८ साली. घर बायकांनी बांधायचं आणि दारावरच्या पाटीवर नाव मात्र दुसऱ्याचं, हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही.

आता आजीबद्दल. आजी मुळशी तालुक्यातली. ती पहाटे दळायला बसायची आणि ओव्या म्हणायची. पुण्यात राहून काम करणाऱ्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी मुळशी-मावळापासून सुरुवात करून महाराष्ट्रभरातल्या बायकांच्या १ लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यात विठ्ठल आहे, भाऊ आहे, माहेर आहे, आणि नवऱ्याचा मार आहे, सासरचा जाच आहे, बाईचा जन्म का दिला असा सरळ सवालही आहे. मी आजीला लहानपणी विचारलं होतं, "हे घरातले ऐकायचे नाहीत का गं?" ती म्हणाली, "जातं घरघरतं ना. त्याच्या आत बोलायचं."

जात्याची घरघर ही तिची दोरी होती. आवाजाच्या आत आवाज लपवायचा.

आईकडे जातं नव्हतं, मिक्सर होता. स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला की आईचे ओठ हलायचे. भांड्याचं झाकण एका हातानं दाबून धरलेलं, नजर समोरच्या फरशांवर, आणि ती बोलत असायची, भराभर, मधेच दात आवळून. शेंगदाण्याचं कूट होईपर्यंत. बटण बंद केलं की तोंडही बंद. लहान होते तेव्हा मला वाटायचं ती स्तोत्र म्हणते. एकदा लाइट गेले आणि मिक्सर मधेच थांबला, तेव्हा शेवटचे तीन शब्द मला ऐकू आले. ते मी इथे लिहिणार नाही, ते तिचे आहेत. स्तोत्र नव्हतं.

म्हणून अँप्लिफायर ही माझ्या मते या सगळ्यातली मोठी गोष्ट आहे. आमच्या घरातल्या बायकांना राग नव्हता असं कधीच नव्हतं. ओव्या आहेत, मिक्सर आहे, धुणं आपटायचा दगड आहे. अँप्लिफायरनं पहिल्यांदा असं केलं की घरघर आणि बोलणं एकाच तोंडातून, एकाच बाजूला, समोर बसलेल्या माणसाच्या छातीवर जाऊन आदळायला लागलं.

यासाठी जागा मात्र लागते, आणि ती सहज मिळत नाही. कॉलेजातल्या रॉक कार्यक्रमांत मी दोनदाच पुढच्या रांगेपर्यंत गेले. ढकलाढकलीत पुन्हा तेच हात. मग आम्ही मैत्रिणी मागे, भिंतीला पाठ लावून ऐकायला लागलो. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिया गावात १९९० साली निघालेल्या बिकिनी किल या बँडची गायिका कॅथलीन हॅना स्टेजवरून सांगायची, मुलींनो पुढे या, मुलांनो मागे सरका. गाण्याचे शब्द छापलेले कागद पुढच्या मुलींच्या हातात द्यायची. हे आरडाओरड करून लक्ष वेधायला नव्हतं. तिनं गर्दीत दोरी धरली होती. फरक इतकाच, की ती देवाच्या नावानं धरलेली नव्हती आणि तिच्या आतला ठेका मुलींचा स्वतःचा होता. त्या मुली बऱ्याचशा गोऱ्या, शिकलेल्या घरांतल्या होत्या, आणि बाकीच्यांना त्यांच्यात जागा कमी होती, ही टीका त्यांच्यावर झाली आणि ती मला रास्त वाटते. पण कॉलेजातल्या त्या भिंतीपाशी उभी असताना असं कुणी मला बोलावलं असतं तर मी धावत गेले असते.

आपल्या देशात, श्रीनगरमध्ये, दहावीतल्या तीन मुलींनी 'प्रगाश' नावाचा बँड काढला होता. डिसेंबर २०१२ मध्ये एका स्पर्धेत त्यांनी वाजवलं. त्यांना इंटरनेटवर बलात्काराच्या धमक्या आल्या, तिथल्या मुख्य मुफ्तींनी त्यांचं गाणं धर्माविरुद्ध ठरवलं, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तो बँड संपला. ही बातमी आमच्या ऑफिसात वाचली गेली तेव्हा एकजण म्हणाले, "बघा, आपल्याकडे मुली ढोल वाजवतात." मी त्यांना म्हटलं, हो, वाजवतात, आणि मलाही कुणी धमकी दिली नाही. माझ्या हातात टॅम्बोरिन दिलं. त्या तिघींना जे सोसावं लागलं त्याच्याशी याची बरोबरी नाही, हे मला माहीत आहे. पण गप्प बसवायचे प्रकार अनेक असतात आणि त्यातला एक खूप सौम्य बोलतो, ताई म्हणतो.

दादाची मुलगी, माझी भाची, आता पंधरा वर्षांची आहे. दोन वर्षं पथकात ताशा वाजवला, यंदा म्हणाली ड्रम्स शिकायचे. दादानं मला फोन केला, "तू बोल तिच्याशी." कशासाठी बोल ते त्यानं सांगितलं नाही. मी कोथरूडमध्ये एक जॅम रूम, म्हणजे बँडच्या सरावाची खोली, शोधून दिली, तासावर भाड्यानं मिळते. पहिल्या दिवशी तिथल्या मुलानं तिला विचारलं, "व्होकल्स ना? माइक लावू?" ती म्हणाली, "नाही दादा, ड्रम्स." तो म्हणाला, "बरं," आणि माइक बाजूला केला. इतकंच. मी दारात उभी होते, माझाच घसा दाटून आला.

गेल्या गुरुवारी ऑफिसातून निघायला उशीर झाला. नळ स्टॉपला वाहनं तुंबलेली. भाचीला एकटीला सोडायचं नाही म्हणून दादानं तिच्याबरोबर आईला पाठवलं होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, गुडघे दुखतात, दोन जिने चढून गेली. मी पोचले तेव्हा पंधरा मिनिटं उरली होती. जॅम रूमच्या दाराला एक छोटी काच आहे. दार जाड, आतला आवाज बाहेर फक्त जमिनीतून येतो, चपलेच्या तळव्याला कळतो. भाची वाजवत होती, केस तोंडावर, उजवा पाय जोरात. कोपऱ्यात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आई बसली होती. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर, नजर समोरच्या भिंतीवर.

तिचे ओठ हलत होते. भराभर.

मी दार उघडलं नाही. वेळ संपेपर्यंत बाहेरच उभी राहिले.